मानद मंडळ नको, पगारी मंडळ हवं

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं आणि जातं. बॅनर लागतात, शाळेच्या मुलांची फेरी निघते, साहेब लोक फोटोपुरतं हेल्मेट घालतात. आमच्या तळोद्यातही हे सगळं होतं. अशाच एका कार्यक्रमात एका वक्त्याने फार चांगली सूचना केली आणि लगेच स्वतःच तिची माती केली. सूचना अशी की गाडी चालवणाऱ्याची तब्येत गाडी चालवण्याजोगी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी राज्य पातळीवर डॉक्टरांचं एक सल्लागार मंडळ असावं. पुढचं वाक्य असं, "आणि यात सरकारचा एक रुपयाही खर्च होणार नाही, कारण सगळे सदस्य मानद असतील."

पहिल्या वाक्याला कोणी हललंही नाही. टाळ्या पडल्या त्या दुसऱ्या वाक्याला.

मला त्या टाळ्यांबद्दल लिहायचं आहे. कारण तळोद्यात, अक्कलकुव्यात, शहाद्यात आमच्या मोहल्ल्यांमधली किती तरी घरं स्टेअरिंगवर चालतात. कोणी केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जातो, कोणी ऊस ओढतो, कोणी धडगावच्या घाटात पिकअप चालवतो, कोणाची रिक्षा आहे, कोणाचं गॅरेज. मुसलमान कामगार नोकरीपेक्षा स्वतःच्या हातच्या धंद्यावर जास्त अवलंबून आहे, हे सच्चर समितीने 2006 साली सांगितलं. आम्हाला ते अहवालाशिवायही दिसत होतं. तेव्हा ‘चालक वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहे का’ हा प्रश्न आमच्याकडे चर्चासत्राचा नाही, चुलीचा आहे.

आधी आज काय चालतं ते पाहू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रक, बस अशा व्यावसायिक गाडीच्या लायसनसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. तो फॉर्म 1-अ. खासगी गाडीसाठी फॉर्म 1, म्हणजे स्वतःच लिहून द्यायचं की मला फिट येत नाही, मला दिसतं, मला ऐकू येतं. फॉर्म 1-अ मध्ये डॉक्टरला विचारलेलं असतं की दृष्टीत दोष आहे का, लाल-हिरवा रंग ओळखतो का, 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायात व्यंग आहे का. प्रश्न वाईट नाहीत. पण साखरेबद्दल, हृदयाबद्दल, गाडी चालवताना झोप लागण्याच्या आजाराबद्दल वेगळा प्रश्न त्यात शोधून सापडत नाही. आणि 2019 च्या दुरुस्तीने व्यावसायिक लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. फेऱ्या वाचल्या म्हणून ड्रायव्हर खूश झाला, मीही झालो. पण पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या शरीरात पाच वर्षांत काय काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे.

पिकअपचं प्रकरण आणखी निराळं. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. निकाल गरिबाच्या बाजूचा आहे, कारण याच मुद्द्यावर विमा कंपन्या अपघाताची भरपाई अडवून ठेवत होत्या. पण त्याची दुसरी बाजू बघा. पंचविसाव्या वर्षी साधं लायसन काढलेल्या पोराला ते चाळिशीपर्यंत पुरतं. म्हणजे पंधरा वर्षं हा पोरगा चांदसैली घाटातून माणसांनी भरलेली गाडी नेणार-आणणार आणि त्याच्या डोळ्यांबद्दल सरकारजवळ काय असणार, तर त्याने स्वतः टिक केलेला एक कागद. (मालाच्या गाडीत माणसं भरणं बेकायदा आहे, हे मला कोणी सांगू नये. सातपुड्यात दुसरी गाडी कोणती मिळते ते आधी सांगावं.) 2025 च्या दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप याच घाटात कोसळली आणि अनेक घरं बसली. तो अपघात चालकाच्या तब्येतीमुळे झाला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की तब्येतीमुळे झाला असता तरी आपल्याला कळलं नसतं, कारण ते बघणारं कोणी नाही.

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांच्या वर. यातले किती चालकाच्या आजारपणामुळे गेले? पोलीस पंचनाम्यात ‘भरधाव व हयगयीने’ लिहिलं की फाईल मिटते. माणसाला चक्कर आली होती की साखर उतरली होती, हे हयगयीच्या रकान्यात बसत नाही.

आता मेडिकल कसं निघतं ते. माझे एक खालू बावीस वर्षं ट्रकवर होते. शेवटची काही वर्षं साखर होती, औषध वेळेवर नव्हतं, कारण गाडीवरच्या माणसाची वेळ कसली. लायसन नव्यानं करायच्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दवाखान्यात पाटीखाली तीन मिनिटं. डॉक्टरांनी वर पाहिलं ते एकदाच, फी घेताना. नंबरप्लेट नाही, रंगाचं पुस्तक नाही. सही झाली. खालू खूश, एजंट खूश. पुढे एका रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटल्यासारखा वाटला आणि त्यांनी स्वतःच ट्रक बाजूला घेतला, क्लीनरला सांगितलं की आता सकाळ झाल्याशिवाय हलायचं नाही. त्या फेरीनंतर त्यांनी ट्रक सोडला. त्यांचं नशीब आणि समोरच्याचंही.

त्या डॉक्टरला शिव्या घालून भागत नाही. मुद्दा व्यवहाराचा आहे. तपासणी ज्याची, फी त्याच्याच खिशातून. जो डॉक्टर ‘नापास’ लिहील त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कोण जाईल? आणि ड्रायव्हरने तरी खरं का सांगावं? खरं सांगितलं तर रोजी जाते. एस.टी.च्या ड्रायव्हरला निदान कायद्याचा आधार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकरीत असताना व्यंग आलं तर माणसाला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. तेलंगणाच्या एस.टी.ने रंगांधळेपणामुळे घरी बसवलेल्या चालकाला सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये हा न्याय मिळवून दिला. खासगी ट्रकवरच्या माणसाला कोण देणार? त्याला शेठ सांगतो, गाडीची चावी ठेव आणि जा.

म्हणून मंडळ हवं. कायद्यात आज लायसन नाकारण्याचा आणि आजाराच्या कारणावरून रद्द करण्याचा अधिकार लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. तो अधिकारी मोटारीचा जाणकार असतो, डॉक्टर नसतो. त्याच्यापुढे फिट आलेल्या माणसाचा कागद आला तर तो एकतर सरळ नाही म्हणतो किंवा एजंटचं तोंड बघून हो म्हणतो. मधलं काही त्याला येत नाही आणि येण्याची अपेक्षाही चूक आहे. ब्रिटनमध्ये फिटचा रुग्ण वर्षभर फिटशिवाय राहिला तर साधारणपणे मोटार चालवू शकतो. ट्रक-बससाठी मात्र औषधाशिवाय दहा वर्षं फिट न येण्याची अट आहे. हा फरक अभ्यासाने ठरला आहे. आपल्याकडेही 2020 साली केंद्राने सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना लायसनची वाट मोकळी केली, तीसुद्धा डॉक्टरांच्या सल्ल्यानंतरच. म्हणजे जाणकारांनी विचार केला की दार उघडतं. अडाणीपणाने एकतर सगळ्यांना आत घेतलं जातं किंवा सगळ्यांना बाहेर काढलं जातं.

अमेरिकेत मेरीलँड राज्याने 1947 सालीच असं मंडळ नेमलं. तिकडे पुढे अनेक राज्यांत अशी मंडळं झाली. काही राज्यं सदस्यांना पैसे देतात, काही देत नाहीत. ब्रिटनच्या पॅनेलच्या तर नावातच ‘मानद’ हा शब्द आहे. आमचे वक्ते उद्या हेच उदाहरण तोंडावर फेकतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिथला सल्लागार डॉक्टर बहुतेक वेळा सरकारी आरोग्यसेवेच्या पगारावर असतो आणि लायसन खात्याजवळ स्वतःचे पगारी डॉक्टर आहेत, रोजच्या फायली ते बघतात. म्हणजे त्या ‘मानद’ शब्दाच्या खाली पगाराचा पाया घातलेला आहे. आपण पाया सोडून फक्त कळस उचलून आणणार.

आपल्याकडे मानद मंडळ झालं तर काय होईल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. ज्यांना फुकट बसणं परवडतं तेच बसतील. मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांतले चार नामवंत, एक-दोन निवृत्त, एक मंत्र्यांच्या ओळखीचा. लेटरहेडवर ‘सदस्य, राज्य सल्लागार मंडळ’ छापून होईल. बैठक वर्षातून दोनदा, त्यातली एक गणसंख्येअभावी तहकूब. जाब कोणाला विचारणार? फुकट आलेल्या माणसाला उशिरा का आलात म्हणून विचारायची आपल्यात रीत नाही, उलट आपण त्याला शाल देतो. तिकडे तळोद्याच्या ड्रायव्हरची फाईल पडून राहील आणि तोपर्यंत त्याचं लायसन लटकलेलं. मानद सदस्याचा मान ड्रायव्हरच्या बुडालेल्या रोजीतून दिला जातो, असा त्याचा अर्थ.

आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याचं काय? आमच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा आजार घराघरांत आहे. केंद्राने 2023 साली सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं ते अशाच पट्ट्यांसाठी. आता सांगा, सिकलसेलचा फक्त वाहक असलेला तरुण आणि प्रत्यक्ष आजार असलेला तरुण यांत फरक कोण करणार? वाहक असलेला माणूस साधारणपणे ठणठणीत असतो. आजार असलेल्याला अचानक असह्य वेदनेचा झटका येऊ शकतो, काहींच्या डोळ्यांवरही परिणाम होतो. मुंबईत बसून लिहिलेल्या नियमात हा आजार एकतर येणारच नाही, किंवा आलाच तर ‘सिकलसेल’ शब्द दिसला की लायसन बंद, असा येईल. दुसऱ्या प्रकारात सातपुड्यातली निम्मी पोरं विनाकारण बेरोजगार होतील. हे समजणारा डॉक्टर आमच्याच ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात असतो. तो रोज ओपीडी ओढतो. त्याला मुंबईच्या बैठकीला ‘समाजसेवा’ म्हणून बोलवायचं, प्रवासाचे पैसे सहा महिन्यांनी द्यायचे आणि त्याने यावं अशी अपेक्षा करायची? तो येणार नाही. त्याची खुर्ची रिकामी राहील आणि सिकलसेलचा प्रश्न विचारायला कोणी उरणार नाही.

‘मानधन’ हा शब्दही मला फार दिवसांपासून सलतो आहे. आशाताईंना आपण स्वयंसेविका म्हणतो आणि बाळंतपणापासून सर्व्हेपर्यंत सगळं करून घेतो. 2021 आणि 2023 मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. अंगणवाडीताईंचं तेच. त्यांची ग्रॅच्युइटी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य करावी लागली, तीही दाहोदच्या बायकांच्या खटल्यात, म्हणजे आमच्यापासून फार दूर नाही. जिथे सरकारला काम हवं असतं पण कामाचा दाम द्यायचा नसतो तिथे ‘मान’ हा शब्द पुढे येतो. स्वतःच्या बाबतीत मात्र हेच सभागृह 2016 साली आमदारांचे वेतन-भत्ते चर्चेविना वाढवून घेतं. तिथे कोणी म्हणालं नाही की लोकसेवा आहे, मानद करू या.

माझे काही दीनदार मित्र म्हणतील की खिदमत पैशाशिवाय असावी, सवाब मिळतो. सवाब जरूर मिळवावा. पण राज्याचं काम सवाबावर सोडायला आपल्या परंपरेने कधी सांगितलं? जकातीचा पैसा कुणाकुणाला द्यायचा याची यादी सूरह तौबामध्ये आहे, आणि तो गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा हिस्सा त्या यादीतच आहे. हजरत अबू बक्र खलिफा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कापडाचा गठ्ठा घेऊन बाजाराला निघाले होते. हजरत उमर आणि अबू उबैदा यांनी त्यांना परत फिरवलं आणि बैतुलमालमधून वेतन ठरवून दिलं, कारण पोटासाठी कापड विकणारा खलिफा लोकांचं काम केव्हा करणार? आणि वेतन दिलं की मग हिशेबही कडक. जकात गोळा करून आलेला एक कर्मचारी म्हणाला, एवढं तुमचं आणि एवढं मला भेट मिळालं. तेव्हा पैगंबर साहेबांनी विचारलं की आई-बापाच्या घरी बसून राहिला असतास तर ही भेट आली असती का? आजच्या भाषेत सांगायचं तर आधी पगार द्या, मग दिवाळीचं पाकीट बंद करा. पगार न देता पाकीट बंद करा म्हणणं हे ढोंग आहे.

यावर उलट प्रश्न येतो तो खरा वजनदार आहे, त्याला टाळून चालणार नाही. पैसे दिले म्हणून माणूस नीट काम करतो का? पुण्याच्या पोर्शे प्रकरणात ससूनचे डॉक्टर पगारीच होते. मे 2024 मध्ये रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. बाल न्याय मंडळाच्या सदस्यांनाही प्रत्येक बैठकीचा भत्ता मिळतो, केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत तो किमान दीड हजार आहे. तरी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला लावून जामीन दिला गेलाच.

मान्य. पगाराने इमान विकत मिळत नाही. पण पुढे काय झालं तेही बघा. डॉक्टर नोकर होते म्हणून निलंबित करता आले. मंडळाच्या त्या दोन सदस्यांची चौकशी झाली आणि सरकारने त्यांना पदावरून दूर केलं, कारण ते नियमाने नेमलेले, नियमाने भत्ता घेणारे होते, बैठकीचं रजिस्टर होतं, सही होती. मानद पाहुण्याला काय दूर करणार, तो तर उपकार करायला आलेला असतो. माझी पगाराची मागणी सदस्यांच्या सुखासाठी नाही. त्यांची मान कायद्याच्या हातात राहावी म्हणून आहे.

पैसे कसे द्यावेत, यातही गोम आहे. फाईलमागे पैसे दिले तर फायली उरकल्या जातील. मंजुरीमागे दिले तर सगळेच पास. अर्जदाराकडून फी घेऊन दिले तर आजचीच गत, फक्त दवाखाना मोठा. म्हणून बैठकीमागे द्यावेत, राज्याच्या तिजोरीतून, हजेरी आणि निर्णयांची नोंद संकेतस्थळावर टाकण्याच्या अटीवर. सरकारी डॉक्टर असेल तर त्या दिवसाची त्याची ओपीडी सांभाळायला माणूस द्यावा, नाहीतर मंडळाचा दिवस तळोद्याच्या रुग्णांच्या रांगेतून कापला जाईल. आणि महामंडळाच्या अध्यक्षासारखी लाल गालिच्याची खुर्ची, राज्यमंत्र्याचा दर्जा, गाडी, बंगला यातलं काहीही नको. पगार म्हटलं की आपल्या पुढाऱ्यांना पुनर्वसन आठवतं. निवडणुकीत पडलेल्यांची सोय करायला हे मंडळ नाही. सदस्य होण्यासाठी डॉक्टरची नोंदणी लागेल, आणि एक जागा चालकांच्या प्रतिनिधीची, त्यालाही तेवढाच भत्ता. त्याचा तर तो दिवस सरळ बुडतो.

खर्चाचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर मांडला. बारा सदस्य, महिन्याला दोन बैठका, बैठकीला पाच हजार. वर्षाचे झाले चौदा लाख चाळीस हजार. प्रवासखर्च वेगळा. घाटात गाडी पडली की मृताच्या वारसाला पाच लाख जाहीर करण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. तीन माणसं मेली की पंधरा लाख. 21 ऑक्टोबर 2020 रोजी कोंडाईबारी घाटात मलकापूरहून सुरतेला जाणारी खासगी बस दरीत पडली, पाच जण गेले. एका पहाटेचे पाच. पैसा नाही हे मला ऐकायचं नाही, ई-चलनाचे मेसेज माझ्या भाच्याच्या मोबाईलवर दर महिन्याला येतात.

मंडळाने काय करायचं, तेही स्पष्ट हवं. हो किंवा नाही एवढंच सांगणारं मंडळ आम्हाला नको. साखर आहे पण ताब्यात आहे, तर दर सहा महिन्यांनी रिपोर्ट दाखव आणि चालव. रात्रीचं दिसत नाही, तर दिवसाची गाडी चालव. एक डोळा अधू आहे, तर प्रवासी नको. ट्रक नको पण खासगी मोटार चालेल. यासाठी लायसनवर अटी घालण्याची सोय नीट करावी लागेल. नकार दिला तर कारण लेखी द्यायला कायदा आजही सांगतो, तीस दिवसांत अपील करता येतं हेही कायद्यात आहे. पण ते कारण ड्रायव्हरला वाचता येईल अशा मराठीत हवं. 2019 मध्ये व्यावसायिक चालकासाठी आठवी पासची अट काढली गेली. चांगलं झालं, पण मग त्याच्या हातात इंग्रजी वैद्यकीय शब्दांचा कागद देऊन तीस दिवस मोजायला कसं लावणार? धडगावकडच्या माणसाला मराठीही दुसरी भाषा आहे. निदान तीन महिन्यांतून एक बैठक नंदुरबारला व्हावी, पावरी-भिली समजणारा माणूस सोबत असावा, आणि त्यालाही त्या दिवसाचे पैसे मिळावेत. कारण दुभाष्याला ‘समाजसेवा’ म्हणून बोलावलं की तो कोण असतो ते आम्हाला माहीत आहे. बाहेर टपरीवर बसलेला एजंट असतो.